भार कुणाच्या डोक्यावरून न्यायचा?

दिवाळी अंकाचे संपादककाका म्हणाले, "नोकरीतल्या गमतीजमती लिही गं. फराळ करता करता वाचता येईल असं काहीतरी." मी आजवर फक्त पत्रकं लिहिली आहेत. पत्रकात गमतीला जागा नसते. एका पानात मागणी, कारण आणि सभेची वेळ बसवायची असते. तेव्हा वाचताना चकलीचा तुकडा घशात अडकला तर दोष काकांना द्यावा.

मी भोपाळच्या कारखान्यात मोटारींच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, काम करते. मोटार म्हटलं की लोक विचारतात, "मारुती की फियाट?" आमच्या मोटारी म्हणजे खाणीतलं पाणी उपसणारी, शहरांचे पंप फिरवणारी विजेची धुडं. जळाली की आमच्या सरकारी कारखान्यात येतात. जुनं तांबं काढून टाकतात, नव्या कॉइल भरतात. त्या प्रत्येक कॉइलवर अभ्रकाची पट्टी हाताने गुंडाळावी लागते आणि हे काम पहिल्यापासून बायकांचं. पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. याला हाफ लॅप म्हणतात. कुठे बारीकशी फट राहिली तर वीज नेमकी तिथूनच बाहेर येते आणि मोटार पुन्हा जळते. मध्येच हात सोडला तर पट्टी सैल पडते, मग मागे जाऊन उलगडा आणि पुन्हा गुंडाळा.

पाहुणे आले की साहेब लोक आमच्या टेबलापाशी थांबतात. "हमारी बहनों के हाथ में तो जादू है जी!" जादू म्हणायला त्यांचं काय जातंय? कारागिरी म्हटलं की पगाराची ग्रेड द्यावी लागते.

टेबलावर आम्ही सात जणी. सगळ्यात जुन्या सुनंदाताई वानखेडे. माहेर नागपूरचं, सासर इथलंच. मला पट्टी धरायला त्यांनीच शिकवलं. त्या वर्षी त्यांचं नाव सुपरवायझरच्या प्रमोशनसाठी गेलं होतं. आमच्या शॉपमध्ये तोपर्यंत एकही बाई सुपरवायझर झाली नव्हती, म्हणून आम्ही सगळ्या त्या नावाकडे डोळे लावून बसलो होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या अंगावर आलं.

आता शॉप कसा आहे ते सांगते. लांबच लांब हॉल, छताजवळ दोन्ही भिंतींवर रूळ आणि त्यांवरून चालणारी क्रेन. जड मोटार उचलून ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेते. मधोमध उंच मशीनं आहेत, म्हणून लटकता भार डावीकडून तरी न्यायचा, नाहीतर उजवीकडून. डावीकडे आमची टेबलं. उजवीकडे आमच्या शॉपचे मुख्य सक्सेना साहेब, त्यांची केबिन. प्लायवुडच्या भिंती, प्लायवुडचंच छत, आत कूलर. भार रोज डावीकडून जायचा. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. केबिन उभी राहिली आणि त्या दिवसापासून क्रेनवाल्याचा हात आपोआप डावीकडे वळायला लागला.

क्रेन निघाली की घंटी वाजायची. नियम असा की घंटी ऐकून खालच्या माणसाने बाजूला व्हावं. पण उठलं की पट्टी सैल पडते, पट्टी सैल पडली की काम मागे, काम मागे पडलं की फोरमन डोक्यावर. म्हणून आम्ही मान खाली घालून गुंडाळत बसायचो आणि वरून एखाद्या हत्तीएवढी मोटार सरकत जायची. समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: लटकते भार के नीचे खड़े न हों. आमच्यातल्या नसीम आपा म्हणायच्या, "हम तो बैठे हैं, भाई. हम पे लागू नहीं है."

एक दिवस मोटारीच्या पायात अडकलेला लाकडी ठोकळा निसटून खाली आला. ग्रेसीच्या जागेवर पडला. टेबलाची फळी मधोमध फुटली. ग्रेसी केरळची, नवरा आमच्याच कारखान्यात वेल्डर. ती तेवढ्यात पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. परत आली, ग्लास हातात तसाच धरून फळीकडे बघत राहिली आणि मग स्टूल ओढून शेजारच्या जागेवर बसली. पुन्हा गुंडाळायला लागली. मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्याचा.

भोपाळमध्ये राहणाऱ्या माणसाला कारखान्यातल्या दुर्लक्षाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. पण लागतो.

सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला फोरमनच्या टेबलाभोवती सगळे जमतात. सुरक्षेबद्दल काही सांगायचं असेल तर तिथे सांगायचं. पुरुष पुढे, बायका मागे, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच असायचं. सुनंदाताई मागूनच बोलल्या, "साहब, लोड हमारे ऊपर से जाता है. ठोकळा गिरा. ग्रेसी मरते-मरते बची. रास्ता बदलना पड़ेगा."

सक्सेना साहेबांनी मान हलवली. "हाँ हाँ, बहनजी, देख लेंगे. और किसी को कुछ?"

एवढंच. त्यांनी नाही म्हटलं नाही, रागावलेही नाहीत.

आमच्या टाउनशिपची एक रीत बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगते. इथे साहेब, कामगार, नवरा, बायको, दीर, व्याही सगळे एकाच कारखान्यात आणि एकाच वसाहतीत. पुरुषाने तक्रार केली की त्याला उत्तर शॉपमध्ये मिळतं. बाईने तक्रार केली की उत्तर तिच्या घरी जातं. साहेब इंटरकॉमवर नवऱ्याच्या शॉपला फोन लावतात. वानखेडे भाऊजी टूलरूममध्ये. सज्जन माणूस, भांडणाचा आवाज आला तरी रेडिओ मोठा करणारा. संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. ताईंनी तो प्रसंग दुसऱ्या दिवशी आम्हाला जसाच्या तसा करून दाखवला.

"सक्सेना साहेबांचा फोन होता."

"काऊन?"

"म्हणत होते, भाभीजी आजकल बहुत बोल रही हैं. प्रमोशनचं वर्ष आहे, जरा सांभाळून, म्हणाले."

"मी क्रेनबद्दल बोलले. तुम्ही क्रेन चालवता का?"

"नाही."

"माझ्या टेबलावर बसता?"

"अगं, मी कशाला बसू?"

"मग तुम्हाला कशाला फोन केला? भाजी वाढू का?"

ग्रेसीच्या नवऱ्यालाही फोन गेला. नसीम आपा विधवा, तर त्यांच्या दिराला स्टोअरमध्ये गाठलं. माझी पंचाईत झाली. मला नवरा नाही. राजधानी भोपाळला हलली तेव्हा आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, बाबा त्याच कचेरीतून निवृत्त होऊन अशोका गार्डन या वस्तीत राहतात. कारखान्याचा फोन तिथे पोचत नाही. म्हणून माझा निरोप गणेशोत्सवाच्या वर्गणीला आलेल्या मंडळाच्या चिटणिसांनी आणला. "वर्षा बेटा, तुमच्या साहेबांनी सहज विषय काढला हो. मुलीच्या जातीला जरा..." मी वर्गणी दिली आणि दार लावून घेतलं.

मग आमच्या हातून जी चूक झाली ती आमच्यासारख्याच करू शकतात. आम्ही बोलायला पुरुष नेला.

युनियनचे दुबेजी. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं, हे मी नाकारत नाही. त्यांनी कपाळाला हात लावून सांगितलं, "अरे, पहले क्यों नहीं बताया? मैं बात करता हूँ. आप लोग बस पीछे खड़ी रहना, असर पड़ता है." आम्ही मागे उभ्या राहिलो. असर पडावा म्हणून सगळ्यांनी धुतलेल्या साड्या नेसल्या होत्या. दुबेजी जनरल मॅनेजरसमोर झकास बोलले. माता-भगिनी, देशाची प्रगती, नारीचा सन्मान, सगळं आलं. क्रेन डावीकडून जाते आणि उजवीकडून जात नाही, एवढं मात्र राहिलं.

आठवड्यात हुकूम आला. महिला कर्मचाऱ्यांची सुरक्षा लक्षात घेऊन त्यांना पुढच्या महिन्यापासून पॅकिंग विभागात हलवण्यात येत आहे. पट्टीचं काम ठेकेदाराची माणसं करतील.

पॅकिंग म्हणजे खोक्यात भुसा भरायचा आणि वर लेबल चिकटवायचं. तिथून कुणी सुपरवायझर होत नाही. तिथून कुणी काहीच होत नाही. आणि आमच्या जागेवर ठेकेदाराची माणसं त्याच भाराखाली बसणार होती, त्यांची सुरक्षा कुणी लक्षात घेतली नव्हती.

दुबेजी पेढे घेऊन शॉपमध्ये आले. "मुबारक हो बहनो! जीत गए!"

सुनंदाताईंनी पेढ्याचा डबा एका बोटाने बाजूला सरकवला. "दुबेजी, हमने बोझ हटाने को कहा था. आपने हमको हटवा दिया."

"अरे, पर आपको ही तो डर लग रहा था..."

"डर किसने कहा?"

 डर हा शब्द आमच्यापैकी कुणी उच्चारलाच नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी दिलं की त्यात असं काहीतरी मिसळून येतं, हे मला त्या डब्यासमोर कळलं.

रविवारी आम्ही सुनंदाताईंच्या क्वार्टरमध्ये जमलो. ठरलं की बुधवारच्या गेट मीटिंगमध्ये आपणच बोलायचं. गेट मीटिंग म्हणजे शिफ्ट सुरू होण्याआधी कारखान्याच्या दारात युनियनचं भाषण. माइक, कर्णा, चहाची टपरी आणि सायकली धरून उभे हजारभर पुरुष. बायका सायकल स्टँडच्या कडेने आत जायच्या. तिथे आजवर बाई बोललेली नव्हती.

प्रश्न असा होता की बोलणार कोण? जी बोलेल तिच्या घरी फोन जाईल. शिवाय बाई बोलायला लागली की तिला दोन वाक्यांत तोडतात. कुणी शिट्टी मारतं, कुणी "जल्दी करो" म्हणतं आणि तिचा धागा तुटतो. मी म्हटलं, मी लिहून देते, एकीने वाचा. ताईंनी तालीम घ्यायचं ठरवलं आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडे या. तुम्ही साहेब व्हा."

वानखेडे भाऊजी लाजत खुर्चीवर बसले. पण एकदा साहेब झाल्यावर त्यांना काय स्फुरण चढलं! आमच्या टेबलावरच्या मालतीने तोंड उघडलं की, "हाँ हाँ, ठीक है, नेक्स्ट." ग्रेसी बोलली की, "मॅडम, हिंदी में बोलिए." ग्रेसी हिंदीतच बोलत होती. एकीचंही वाक्य पुरं होऊ देईनात.

"अहो, तुम्हाला हे इतकं छान कसं येतं?" ताईंनी विचारलं.

"रोज ऐकतो ना गं," ते म्हणाले.

नसीम आपा इतका वेळ कोपऱ्यात मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, जैसे टेप चढ़ाते हैं, वैसे बोलो ना. हाफ लॅप. एक की आधी बात दूसरी पकड़े और आगे बढ़े. काटेंगे किसको?"

आम्ही करून बघितलं. सुनंदाताई म्हणाल्या, "लोड हमारे ऊपर से जाता है." भाऊजींनी तोडलं. लगेच मालती, "हमारे ऊपर से जाता है, क्योंकि पट्टी छोड़ के उठ नहीं सकते." भाऊजी पुन्हा तोडायला निघाले, तोवर नसीम आपा, "उठ नहीं सकते, उठे तो काम पीछे." भाऊजी एकीकडे वळले की दुसरी बोलायची. शेवटी त्यांनी हात टेकले. "जाऊ द्या बाप्पा, मी राजीनामा देतो. चहा टाकू का?"

बुधवारी दुबेजी माइक सोडेनात. "बहनें आख़िर में." शेवटी म्हणजे शिफ्टचा भोंगा वाजल्यावर, सगळे आत गेल्यावर. मी टपरीच्या बाकावर चढले आणि ओरडले, "दुबेजी, हुकूम हमारा आया है, भाषण आपका क्यों?" पुढच्या रांगेतले हसले. दुबेजी हसले नाहीत, पण माइक दिला.

सुनंदाताई उभ्या राहिल्या, बाकीच्या सहा जणी त्यांना चिकटून. ताईंनी सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला मागून एक आवाज आला, "घर में सब्ज़ी कौन पका रहा है, भाभी?"

नसीम आपांनी माइक ओढून घेतला. "तेरी अम्मा ने तुझे सिर्फ़ सब्ज़ी पकाना नहीं, चुप रहना भी सिखाया होता, तो आज दोनों काम आते." हशा पिकला. त्या हशातच मालतीने ताईंचं अर्धं वाक्य उचललं आणि पुढे नेलं. मग पुढचीने. मग मी. मध्ये कुणी ओरडलं, शिट्ट्या झाल्या, भोंगाही वाजला. बोलणं तुटलं नाही. लोक आत जायचे थांबले.

शेवटी ग्रेसी. तिची हिंदी मोडकी. तिने माइक दोन्ही हातांनी धरला होता. "इधर भी आदमी बैठता. उधर भी आदमी बैठता. उधर साब का केबिन है. लोड साब के ऊपर से नहीं जाता. हमारा ऊपर से कायको जाता?"

 हे प्रत्येकाला दिसत होतं, रोज दिसत होतं, आणि मोठ्याने कुणीच म्हटलं नव्हतं. मग टाळ्या. मी पत्रकं वाटायलाही विसरले.

सुनंदाताईंनी माइक परत घेऊन एकच जोडलं, "आज से घंटी बजेगी तो हम उठेंगे. टेप ढीला हो, चाहे जो हो."

दुपारी क्रेन निघाली. घंटी वाजली. आम्ही साती जणी उठलो आणि खांबाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिलो. आमच्यामागे दोन फिटर उठले, मग मशीनवाले. वर क्रेनवाला बघत होता. त्याने आमच्या टेबलाअलीकडे मोटार थांबवली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग क्रेनची गाडी उजवीकडे सरकू लागली आणि मोटार हळूहळू जाऊन सक्सेना साहेबांच्या केबिनपासून हाताच्या अंतरावर लटकत राहिली. छतावर नेली नाही बिचाऱ्याने. फक्त दाखवली.

साहेब चहाचा कप हातात घेऊन बाहेर पळाले. कूलर आत चालूच.

जनरल मॅनेजर स्वतः शॉपमध्ये आले. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. "आप में से बात कौन करेगा?" सात जणींनी केली. त्यांनीही दोनदा तोडून बघितलं. मग खुर्ची मागवून बसले आणि पुरं ऐकलं.

केबिन महिन्याभरात हलली. शॉपच्या बाहेरच्या भिंतीला लागून नवी झाली. उजवा पट्टा रिकामा केला, पिवळ्या रेघा मारल्या आणि भार तिकडून जायला लागला. रेघांच्या आत बाईही बसत नाही, साहेबही बसत नाही. पॅकिंगचा हुकूम मागे घेतला. हे आम्ही मिळवलं. कुणी दिलं नाही, दुबेजींनी तर नाहीच, जरी युनियनच्या वार्षिक अहवालात त्यांचाच फोटो छापला आहे.

इथे थांबले असते तर काकांना हवं होतं तसं फराळाचं झालं असतं. पण सुनंदाताईंना मेमो मिळाला. काम बंद पाडण्यास इतरांना चिथावणी. उठलो आम्ही सगळ्या, पण मेमो एकीला. सक्सेना साहेबांनी ताईंना बोलावलं, मी सोबत गेले. साहेब मऊ आवाजात बोलत होते, आणि त्या आवाजाची मला किळस आली.

"वानखेडे बहनजी, प्रमोशन कमिटी बैठनेवाली है. मैं नहीं चाहता आपका नुकसान हो. बस एक लाइन लिख दीजिए कि भावना में आकर हो गया. मेमो यहीं फाड़ दूँगा."

त्यांनी पेन पुढे केलं. ताईंनी ते घेतलं. सुपरवायझरची खुर्ची त्यांना किती हवी होती ते मला माहीत होतं. तिच्यावर बसून मुलींना काय काय शिकवायचं, हेसुद्धा त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

"भावना में नहीं आया था, साहब," ताई म्हणाल्या. "इतवार को बैठ के सोचा था. मटर छील के सोचा था." आणि कागदावर लिहिलं, सोच-समझकर किया. खाली सही केली. पेन टोपण लावून परत दिलं.

मेमो फाइलमध्ये गेला. प्रमोशन एका पोराला मिळालं, शिकाऊ म्हणून आला तेव्हा त्याला ताईंनीच पट्टी धरायला शिकवलं होतं. वाईट पोरगा नाही तो. कॉइल अडली की अजूनही ताईंकडेच येतो. त्या सांगतात, तो सही करतो.

मी त्यांना एकदा विचारलं, लिहून दिलं असतं तर? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तर आज त्या खुर्चीवरून तुम्हाला काय सांगितलं असतं मी? घंटी वाजली की उठा? कोणत्या तोंडाने?" आणि पट्टी ओढत राहिल्या.

त्यांचं त्यांच्यापाशी मिटलं असेल. माझं मिटलेलं नाही. शॉपमध्ये आज एकाही बाईच्या डोक्यावरून भार जात नाही, हे ज्यांच्यामुळे झालं त्या बाईच्या फाइलमध्ये मेमो आहे आणि ज्याची केबिन वाचवायला सगळं चाललं होतं तो साहेब बढतीवर दुसऱ्या कारखान्यात गेला आहे. याला मी अनुभव म्हणणार नाही. ही मागणी आहे: मेमो रद्द करा, सुनंदा वानखेडे यांना सुपरवायझर करा.

अंक निघाला की एक प्रत मी स्वतः पर्सोनेल ऑफिसात नेऊन देणार आहे. तिथे कुणी म्हणालंच की मराठी येत नाही, तर टेबलासमोर उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदीत वाचून दाखवीन. वेळ लागेल. त्यांनी खुर्ची मागवून बसावं.